नखं दाखव

ज्या दिवशी माझा भाऊ गेला, त्या दिवशी सकाळी तो हसत होता, आणि ही बातमी मला आनंदाची म्हणून फोनवर सांगितली गेली. गोंदियाजवळच्या गोरेगावात माझं बांगड्यांचं दुकान आहे. बाजाराचा दिवस होता, लग्नघरच्या बाया समोर बसलेल्या, आणि मी एकीच्या हातात हिरवा चुडा चढवत होते. फोन वहिनीचा. वहिनी गोंदिया शहरातली, तिच्या तोंडी हिंदीच. "दीदी, आज तो कमाल हो गया! ये हँस रहे हैं. माँ को चिढ़ा रहे हैं, चाय भी माँगी. कितने दिनों बाद…" पुढं तिला आनंदानं बोलवेना. मी 'येते' म्हटलं आणि फोन ठेवला. हातातली बांगडी चढवता चढवता फुटली, त्या बिचारीला काच लागली. इतक्या वर्षांत माझ्या हातून गिऱ्हाइकाला कधी काच लागली नव्हती. तिला चिंधी बांधली, शेजारच्या दुकानदाराला म्हटलं जरा लक्ष ठेव, आणि निघाले. घरी सगळे खूश होते, मी नव्हते. भाऊ असा हसायला लागला की काय समजायचं, हे त्यानंच मला शिकवून ठेवलं होतं.

हेमराज त्याचं नाव. हवाई दलात लढाऊ विमानं चालवायचा, विंग कमांडर म्हणून निवृत्त झाला. गोरेगावपासून मोटरसायकलनं थोड्या वेळाच्या अंतरावर आमचं गाव, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि त्या गावातून विमानात बसलेला पहिला माणूस थेट विमान चालवायलाच बसला, याचं गावाला कोण कौतुक! तो गेल्यावर चौकात बॅनर लागलं, 'गगनभरारी विसावली'. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. एक जण भेटायला आला तर म्हणे, जन्मभर ऑक्सिजनचा मास्क लावला आणि शेवटी ऑक्सिजनच कमी पडला, काय योगायोग पाहा! मी म्हटलं, दादा, तो योगायोग तुमच्या घरी न्या, इथं चहा घ्या नाहीतर उठा. माझा स्वभाव असाच आहे, भाऊला माहीत होता. म्हणून तर त्यानं ते काम मला दिलं. पण ते पुढं सांगते.

मामाचं गाव इटियाडोह धरणाच्या कालव्यावर. उन्हाळ्यात आम्ही तिकडं जायचो आणि भाऊ कालव्यात बुडी मारून बसायचा. मी काठावर. पोरं ओरडून ओरडून मोजायची आणि मोजणं थांबलं तरी हा वर यायचा नाही. मी रडायला लागले की मग हा पलीकडून डोकं काढायचा, तोंड लालबुंद, आणि म्हणायचा, "कायले रडते व? जीव गेला का माझा?" पुढं तो पायलट झाल्यावर मी एकदा सहज म्हटलं, तुला काय, तू तर लहानपणापासून दम कोंडायची प्रॅक्टिस केली. तर तो एकदम गंभीर झाला. म्हणाला, "नाई उर्मे, उलटंच आहे. पाण्यात दम कोंडला की जीव बोंबलते, छाती फुटून रायली वाटते, म्हणून माणूस वर येते. तिकडं वर हवा पातळ असते ना, तिथं जीव बोंबलतच नाई. श्वास चालू रायते. छातीले काईच होत नाई. फक्त त्या श्वासात काई नसते. माणसाले मजा येते, आणि मजेत मरते." हे वाक्य तो असं सहज बोलून गेला आणि पुढं मीठ मागितलं. मी मात्र त्या दिवशी नीट जेवले नाही.

पहिल्या सुट्टीला आला तेव्हा त्याच्या नाकावर, दोन्ही डोळ्यांच्या मध्ये, एक लाल खाच पडलेली. गालांवरही तशीच पुसट रेघ. मायनं दारातच त्याचं तोंड धरलं. "कोणं मारलं रे तुले?" मास्कचा वण आहे म्हणून त्यानं सांगितलं, घट्ट आवळावा लागतो, सैल राहिला तर बाजूनं साधी हवा शिरते. मायला त्यातलं काहीही पटलं नाही. ती रोज संध्याकाळी बोटावर तूप घेऊन त्या खाचेवर चोळायची, आणि एवढा मोठा अधिकारी मुकाट्यानं नाक पुढं करून बसायचा. एकदा अंगणात त्यानं आम्हाला विमान जोरात वळवताना श्वास कसा घेतात ते करून दाखवलं. मांड्या आवळायच्या, पोट आवळायचं, छातीत हवा भरून दाबून धरायची, पटकन थोडी सोडायची, पटकन घ्यायची, पुन्हा दाबायचं, नाहीतर रक्त पायात उतरतं आणि डोळ्यांपुढं अंधार. तो खाटेवर बसून हे 'हिक्… हिक्…' करत होता, मानेच्या शिरा टरारलेल्या. माय सूप घेऊन बाहेर आली आणि तिनं सूपच टाकलं. "काऊन असा करून रायला रे? पोट दुखते का? ओवा देऊ का?" आम्ही हसून हसून लोळलो. तेव्हाचं ते हसणं वेगळं होतं… त्या हसण्यात कुठं काही निळं नव्हतं.

पायलटांना शिकवताना एका बंद लोखंडी खोलीत बसवतात, असं त्यानं सांगितलं होतं. खोलीतली हवा काढत काढत उंच आभाळातल्याएवढी पातळ करतात, आणि मग एकेकाला मास्क काढायला लावतात. समोरचा मास्क लावून पाहत बसतो. मास्क काढलेल्यानं पाटीवर आपलं नाव लिहायचं, सोपी वजाबाकी करायची. बघता बघता अक्षर घसरायला लागतं, वजाबाकी चुकते, नखं निळी पडतात, आणि त्या माणसाला वाटतं आपण एकदम झकास करून राहिलो. हे सगळं कशासाठी, तर प्रत्येकाची खूण वेगळी असते आणि ती आयुष्यभर बहुधा तीच राहते. कोणाच्या बोटांना मुंग्या येतात, कोणाचं अंग तापतं, कोणी चिडतो. ज्याला त्याला आपली खूण कळावी म्हणून हा खेळ. भाऊची खूण हसणं निघाली. मास्क काढल्यावर थोड्याच वेळात तो हसायला लागला, पाटीवर नावाऐवजी बैल काढला, आणि मास्क लाव म्हणून ओरडणाऱ्यालाच चिडवायला लागला. "सगळ्यात वाईट खूण मले भेटली," तो म्हणायचा. "मुंग्या आल्या तर माणूस घाबरते. हसू आलं तर कोण घाबरते, सांग?"

आणि ते एकदा खरोखरच झालं. दोन विमानं सोबत, खूप उंचावर. विमानात हवा दाबून भरलेली असते, पण आपल्या प्रवासी विमानासारखी भरपूर नाही, म्हणून मास्क लागतोच. भाऊच्या मास्कची नळी खालच्या जोडाशी अर्धवट सुटली होती आणि त्याला पत्ता नव्हता. रेडिओवर एक शब्द जास्त न बोलणारा हा माणूस, अचानक दुसऱ्या विमानातल्या लीडरला म्हणतो, सर, खालचे ढग पाहा, आमच्या बांधीत पाणी भरल्यासारखे दिसून राहिले. आणि हसला. लीडर म्हणजे तोच, जो त्या लोखंडी खोलीत त्याच्या समोर बसला होता. त्यानं हसणं ओळखलं. "हेम, नीचे आ." भाऊ म्हणाला, "सब ठीक है सर, मज़ा आ रहा है." त्यावर तो म्हणाला, "मज़ा आ रहा है, इसीलिए. नीचे आ." भाऊ त्याच्याशी भांडला, वरिष्ठाशी! तरी हात सवयीनं चालले आणि विमान खाली आलं. दाट हवेत आल्यावर डोळ्यांपुढचे रंग परत आले, मग त्याला सुटलेला जोड दिसला. "भीती मले खाली आल्यावर भेटली," असं तो सांगायचा. तेव्हापासून त्याला एक सवय लागली. कुठलीही नळी दिसू दे, मोटरपंपाची असो की गॅसची, तो दोन बोटं तिच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा.

त्याची मुलगी केतकी लहान असताना या सगळ्याचा घरात खेळ झाला होता. ती खूप हसायला लागली की तो एकदम ओरडायचा, "नखं दाखव!" ती दोन्ही हात पुढं करायची, हा एकेक नख तपासायचा आणि म्हणायचा, "गुलाबी आहे. हसायले परवानगी आहे." मोठी झाल्यावर ती नखं रंगवायला लागली तर यानं फक्त एक अट घातली, एक बोट मोकळं ठेवायचं. ती आजही उजव्या हाताची करंगळी रंगवत नाही. तिच्या मैत्रिणी विचारतात म्हणे, ही कुठली फॅशन.

निवृत्त झाल्यावर लोकांना वाटलं हा पुण्याला नाहीतर नागपूरला फ्लॅट घेईल. हा सरळ गावी आला आणि धान लावायला लागला. चांगली गेली काही वर्षं. मग खोकला लागला, कोरडा, थांबता थांबेना. धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, चालताना मध्येच उभा राहायचा आणि आपण पीक पाहून राहिलो असं दाखवायचा. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसं आतून निबर होत चालली आहेत, वाळलेल्या चामड्यासारखी, आणि ती पुन्हा मऊ होणार नाहीत. कशामुळं, ते त्यांनाही सांगता येईना. गावात मात्र प्रत्येकाला माहीत होतं! कोणी म्हणे विमानातली हवा बाधली, कोणी म्हणे धानाची धूळ, कोणी तर करणीपर्यंत पोचले. भाऊ म्हणायचा, "जे झालं ते झालं. किती उंचीवर आहो ते सांगा फक्त." डॉक्टरांनी किती दिवस उरलेत तेही सांगून टाकलं.

एकदा गोंदियात दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथं नाकातोंडावर घट्ट मास्क लावून मशीननं हवा आत ढकलतात. भल्याभल्यांना ते सहन होत नाही, माणूस घाबरून मास्क ओरबाडतो. भाऊला लावला तर तो शांत. फार उंचावर पायलटांनाही तसंच असायचं म्हणे, हवा आपोआप छातीत घुसते, घ्यायची नसते. जोर लावायचा तो सोडायला. शेजारच्या खाटेवर कोहमाऱ्याच्या एका ढाब्याचे म्हातारे मालक होते, त्यांचे हात पोरांनी धरून ठेवले होते आणि ते आक्रोश करत होते. भाऊनं त्यांच्याकडं हात केला. बोलता तर येत नव्हतं. मग त्यानं हातानंच दाखवलं, येऊ दे… येऊ दे… आता ढकल. येऊ दे… ढकल. म्हातारबुवा त्याच्या हाताकडं पाहत पाहत श्वास घ्यायला लागले. किती तरी वेळ ते दोघं तसेच, एक हात हलवतोय आणि एक श्वास घेतोय. म्हातारबुवा घरी गेले. भाऊही घरी आला, पण नाकावर तीच जुनी खाच घेऊन, आणि डॉक्टरांना साफ सांगून की आता पुन्हा इथं आणायचं नाही, जे व्हायचं ते गावात होऊ दे.

मग घरात ऑक्सिजनची मशीन आली. दिवसभर घरघर, नाकात नळी, लाइट गेली तर म्हणून कोपऱ्यात सिलिंडर. बोटाला लावून ऑक्सिजन पाहायचं ते चिमटं पण होतं, पण मायनं त्याचा नुसता छळ मांडला. तिला आकडे वाचता येतात, तेवढंच नडलं. सारखी लावून पाहायची आणि आकडा उतरला की पदर तोंडाला. भाऊनं एके दिवशी ते चिमटं मला दिलं. "हे दुकानात घेऊन जा. यानं माझ्यापेक्षा मायलेच धाप लागून रायली." मी म्हटलं, मग कळायचं कसं? तर त्यानं माझा हात धरला. "तू दिवसभर बायांचे हातच पायतेस ना? तुले रंग समजते. माझी नखं तू पायजो. आणि मी हसून रायलो, की 'खाली ये' म्हणजो. मी भांडीन, शिव्या देईन, तरी म्हणजो. ज्याची हवा गेली त्यालेच शेवटी समजते, उर्मे." मी म्हटलं, वहिनी आहे ना घरात. तो म्हणाला, "तिले मी हसलो की बरं वाटते. ते तिच्यापासून नाई हिसकावत मी. तू कठोर आहेस." हे कौतुक होतं की काय, देव जाणे. पण मी ते काम डोळ्यांत तेल घालून केलं. रोज दुकान उघडायच्या आधी जायची आणि बंद झाल्यावर जायची. त्याची नखं एरवीच जांभळट, कांद्याच्या सालीसारखी. त्याहून गडद दिसली आणि हा गमती करायला लागला की मी म्हणायची, "भाऊ, खाली ये." तो शिव्या द्यायचा. "तुले कोणं केलं लीडर?" पण पाठ ताठ करायचा, गप्प बसायचा, दोन बोटं नळीवरून फिरवायचा, मी मशीन वाढवायची. हळूहळू नखं परत कांद्याच्या रंगावर यायची आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जायचं. माझं कामच ते होतं, भावाचं हसू घालवायचं. कसं वाटत असेल मला, कधी कोणी विचारलं नाही.

एकदा मीच विचारलं. "मशीन फुल्ल असून हसलास तर?" तो खिडकीतून बाहेर पाहत होता. "मग खाली यायले जागाच नाई ना. मग हसू देजो." थोडा वेळ धापा टाकल्या आणि म्हणाला, "पण पोरीले खोटं नको सांगजो. तिले मी सगळं शिकवलं आहे. खोटं सांगशील तर ती जन्मभर मनात ठेवीन."

तर त्या सकाळी मी पोचले तेव्हा अंगणात कापलेल्या धानाच्या पेंढ्यांचं पुंजणं रचलेलं होतं, शेजारी धान चुरायची, मळणीची मशीन चालू होती, आणि आतून भाऊचा हसण्याचा आवाज येत होता. तो उशांना टेकून बसलेला, माय पायाशी, वहिनीच्या हातात चहाचा कप. डोळे चमकत होते त्याचे. "आली का व काचवाली! माय, हिले विचार, रोवणीले बाया सांगितल्या का? पाणी सुटलं आहे, उद्या रोवणी धरू!" माय हसून म्हणाली, "पाय व, धान कापून झालं आन् हा रोवणी करून रायला!" वहिनी हसता हसता डोळे पुसत होती. रोवणी म्हणजे धानाची लावणी, ती पावसाळ्यात; सगळ्यांना ती चेष्टा वाटली. मी त्याचा हात हातात घेतला. वांग्याच्या रंगाची नखं. मशीनचा काटा पाहिला, वरच्या टोकाला. सिलिंडरही उघडलेलं. मी माझी दोन बोटं नळीवरून फिरवली, नाकापासून कानामागून मशीनपर्यंत, कुठं मुडपली असेल, कुठं सुटली असेल, देवा, एखादा जोड सुटलेला सापडू दे… काही सुटलेलं नव्हतं. तरी मी म्हटलंच. "भाऊ, खाली ये."

तो हसायचा थांबला. माझ्याकडं पाहिलं, आणि त्या एका क्षणापुरता तो पूर्ण शुद्धीवर होता, हे मी कुठंही शपथेवर सांगेन. त्यानं दोन बोटं नळीवर ठेवली, थोडी फिरवली, आणि श्वासाश्वासाला थांबत म्हणाला, "पायलं म्या… सारं जुडलेलंच आहे, उर्मे." आणि परत हसायला लागला.

मी अंगणात आले तर केतकीचा फोन. ती नागपूरला शिकते, दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा होती, आणि आईनं तिला सांगितलं होतं की घाई करू नको, पेपर देऊन ये, पप्पा आज मस्त आहेत. "आत्या, मम्मी म्हणते पप्पा हसून राहिले." मी 'हो' म्हटलं. मग तिनं एवढंच विचारलं, "आत्या, नखं कशी आहेत?" वहिनी दारात येऊन उभी होती, कप हातातच, आणि मला हातानं खुणावत होती, सांगा, छान आहे म्हणून सांगा. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता! माझा जीव तुटत होता. मी तिच्याकडं पाठ केली आणि म्हटलं, "निळी." केतकी म्हणाली, "मशीन?" मी म्हटलं, "फुल्ल आहे." "निघते," ती म्हणाली. मी वळले तेव्हा वहिनीचा चहा सांडलेला होता. "आपने ऐसा क्यों कहा, दीदी? वो हँस तो रहे हैं!" उत्तर होतं, पण ते भाऊनं मला दिलेलं होतं, तिला नाही. ती आत गेली आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाही, त्या दिवशी नाही आणि त्यानंतरही कित्येक दिवस नाही.

केतकी एसटीनं कोहमाऱ्याला उतरली, तिथून माझ्या नवऱ्यानं तिला मोटरसायकलवर आणलं. तोवर भाऊचं हसणं ओसरलं होतं, डोळे मिटत होते, उघडत होते. ती धावत आली नाही, रडली नाही. हात धुतले, त्याच्या बाजूला बसली, आणि दोन्ही हात त्याच्या डोळ्यांपुढं धरले, नखं त्याच्याकडं करून. तो पाहत राहिला. बराच वेळ पाहत राहिला. मग त्याचा हात उठला आणि तिच्या त्या बिनरंगाच्या करंगळीवरून त्यानं दोन बोटं फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नळीवरून फिरवायचा तशी. परवानगी आहे, असं ओठांवर आलं असेल नसेल, मला ऐकू आलं नाही. दिवे लागायच्या वेळी तो गेला. मशीन चालूच होती. घरघर चालू आणि त्याच्या छातीत काही नाही… कोणाचा हात बटणाकडं जाईना. शेवटी केतकीनं ती बंद केली. घर एवढं शांत होतं हे आम्ही विसरूनच गेलो होतो.

आंघोळ घालायच्या आधी मायनं वाटीत तूप मागितलं. कोणाला कळेना कशाला. तिनं बोटावर घेतलं आणि त्याच्या नाकावरच्या त्या खाचेवर चोळत बसली. "जाईन हा वण, दोन दिवसांत जाईन," असं त्याला सांगत होती. मी बाहेर गेले. नंतर बाया वहिनीच्या भोवती जमल्या, तिच्या बांगड्या फोडायला. मी आडवी पडले. म्हटलं, या माझ्या दुकानातल्या आहेत, माझ्या हातानं चढवलेल्या, कोणाच्या बापाची हिंमत आहे हात लावायची! कुजबुज झाली, म्हाताऱ्या बाया रुसल्या, रुसू देत. वहिनीनं फक्त एकदा माझ्याकडं पाहिलं.

गेल्या बाजाराच्या दिवशी त्या दोघी दुकानात आल्या. केतकी परत नागपूरला निघाली होती, बसला वेळ होता. वहिनी कोपऱ्यात स्टुलावर बसली, इकडंतिकडं पाहत राहिली आणि एकाएकी, कोणी काही विचारलेलं नसताना, म्हणाली, "पता है दीदी, शादी के बाद पहली बार चूड़ियाँ लाए थे मेरे लिए. इतनी बड़ी, कोहनी के ऊपर चढ़ गईं! पूछा नाप किससे लिया, तो बोले, हाथ का अंदाज़ा ऊपर से लगाया था." किती दिवसांनी ती माझ्याशी बोलत होती, आणि मला हसावं की रडावं ते कळेना. केतकी मात्र खळखळून हसली. हुबेहूब बापाचं हसणं, मान मागं टाकून. हल्ली मला हे असं होतं, कोणी असं हसलं की माझे डोळे त्याच्या तोंडाकडं जातच नाहीत. तेव्हाही नाही गेले. आणि माझ्या लक्षात आलं की समोरून वहिनीही तिकडंच पाहत होती, मुलीच्या हातांकडं. आमची नजरानजर झाली.

केतकीनं आमच्या दोघींकडं पाहिलं, हसू आवरलं, आणि बांगड्या भरायला गिऱ्हाईक हात ठेवतं त्या लहानशा उशीवर आपला उजवा हात ठेवला, करंगळी सरळ करून.

"गुलाबी आहे, आत्या," ती म्हणाली. "मम्मी, तू पण ये. बघ."